नाशिकमध्ये बसून परदेशी मण्यांचा व्यवसाय: माल निवडण्यापासून गिऱ्हाईक टिकवण्यापर्यंत

परदेशातून मणी मागवायचे म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, सगळ्यात स्वस्त कुठून मिळतील? या प्रश्नापासून सुरुवात करू नका. स्वस्त मणी मुंबईत भुलेश्वरला आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला हवे तेवढे मिळतात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन रात्री पिशव्या भरून परतणारे दुकानदार नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. दराच्या बाबतीत तुम्ही त्यांना हरवू शकणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

नाशिकमध्ये खरी अडचण वेगळीच आहे. आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईने मणी-जरीचं भरतकाम, करणाऱ्या ताईंचं ब्लाउजच्या पाठीचं काम होतं आणि बाह्यांना चाळीस ग्रॅम मणी कमी पडतात. त्या दुकानात जातात, तर तो रंग संपलेला असतो. नवीन आलेला माल तसाच दिसतो, पण कापडावर लावला की छटा वेगळी पडते. पैठणीवरचं ब्लाउज, लग्न आठ दिवसांवर, आणि काम अडलेलं. तीच छटा, तेच माप आणि तीच चकाकी पुन्हा हमखास देऊ शकलात, तर दोन पैसे जास्त देऊनही गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं. पुढची सगळी पावलं या एका गोष्टीसाठी आहेत.

आधी गिऱ्हाईक ठरवा

माल मागवण्यापूर्वी पंधरा दिवस फक्त फिरा. सराफ बाजारात काळी पोत गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्यांपाशी थोडा वेळ बसा. कोणत्या मापाचे काळे मणी जास्त जातात, कोणते दोऱ्याला कापतात, कोणते घामाने पांढुरके पडतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मग कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या बुटिकमध्ये जा, आरी वर्कचे क्लास घेणाऱ्यांना भेटा. येवल्याची पैठणी आपल्याच जिल्ह्यातली, त्यामुळे भरजरी ब्लाउजचं काम इथे वर्षभर चालतं आणि बारीक काचमण्यांचा खप त्यातच सर्वांत जास्त असतो. तिसरा गट घरून काम करणाऱ्या बायकांचा आहे: तोरणं, रुखवतातल्या वस्तू, राख्या, गौरींचे दागिने. त्यांना रंग भरपूर लागतात, पण दर कमी हवा असतो. चौथा गट नथ, तन्मणी, चिंचपेटी असे मोत्यांचे दागिने बनवणाऱ्यांचा.

या चौघांना पहिल्याच खेपेत खूश करायला जाऊ नका. माझा आग्रह असा की सुरुवात आरी वर्क आणि काळ्या पोतीपासून करावी. दोन्हींमध्ये माल ठरलेला असतो, पुन्हा पुन्हा लागतो आणि गिऱ्हाईक दर्जा ओळखतं.

त्र्यंबकेश्वर जवळ आणि २०२७ चा सिंहस्थ समोर, म्हणून रुद्राक्ष आणि स्फटिकाकडे अनेकांचं लक्ष जातं. रुद्राक्ष नेपाळ आणि इंडोनेशियातून येतो. तो झाडाचं फळ-बी असल्यामुळे वनस्पती संगरोधाचे, म्हणजे बाहेरून रोग-कीड येऊ नये यासाठीचे, नियम आधी तपासावे लागतात, म्हणून पहिली खेप त्याची नको. स्फटिकाच्या नावाखाली काच विकली जाते, त्या वाटेला तर अजिबात जाऊ नका. खरा स्फटिक काचेवर चरा पाडतो, आणि काचेच्या मण्यात भिंगाखाली गोल बुडबुडे सापडू शकतात. काच विकत असाल तर पावतीवर काच असंच लिहा.

माल ओळखायला शिका

बारीक काचमण्यांची मापं ११/०, ८/०, ६/० अशी लिहितात. आकडा मोठा तितका मणी बारीक. ११/० साधारण दोन मिलिमीटरचा, ८/० तीनचा आणि ६/० चारचा. जपानी ११/० गोल मणी एका ग्रॅममध्ये साधारण ११० बसतात. हा आकडा लक्षात असला की ब्लाउजला किती ग्रॅम लागतील हे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सांगता येतं.

जपानच्या मियुकी आणि तोहो या कंपन्यांचे मणी एकसारखेपणासाठी नावाजलेले आहेत. दर चढा असतो, पण प्रत्येक रंगाला ठरलेला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाने पुन्हा मागवता येतं. चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स भागात काचमण्यांची जुनी परंपरा आहे आणि प्रेसिओसा तिथलीच. चेक बारीक मणी ओवलेल्या लडींच्या जुडीत येतात. सराईत हाताला लडीवरून थेट सुईवर मणी घेता येतात, म्हणून आरीवाल्यांना ते सोयीचे पडतात. चीनमध्ये यिवूचा घाऊक बाजार सगळ्या प्रकारांसाठी प्रसिद्ध आहे, पैलू पाडलेले क्रिस्टल मणी शेजारच्या पूच्यांगमध्ये बनतात आणि गोड्या पाण्यातल्या मोत्यांसाठी चूची प्रसिद्ध आहे. चिनी मालात एकाच कारखान्याचे दोन वेगवेगळे दर्जे असतात, म्हणून तिथे नमुन्याशिवाय एक पाऊलही टाकू नका.

आपल्याकडचा माल विसरू नका. उत्तर प्रदेशातलं पुरदिलनगर काचमण्यांसाठी आणि गुजरातमधलं खंभात अकीक या खड्यासाठी ओळखलं जातं. तिथे चांगलं मिळणारं काही परदेशातून आणण्यात अर्थ नाही.

नमुना हातात आला की पुढच्या चाचण्या घरीच होतात. पकडीने एक मणी फोडून बघा: रंग काचेत आतपर्यंत आहे की वर नुसता लेप आहे? काळ्या पोतीसाठी ही चाचणी सर्वांत महत्त्वाची, कारण लेप दिलेला मणी वर्षभरात गळ्यावर पांढरा पडतो. दहा-बारा मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तासभर ठेवा. काही मणी मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. एक पाकीट अर्धं काळ्या कागदाने झाकून उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे राहू द्या. गुलाबी आणि जांभळ्या रंगांचं खरं रूप इथेच कळतं. आतून चांदीचा मुलामा असलेले मणी घामाने आणि दमटपणाने काळवंडतात. धातूसारखे चमकणारे मणी घासले जाऊन उघडे पडतात, म्हणून त्यातले टिकाऊ लेपाचे प्रकार मागावे. शेवटी दहा नंबरची सुई घेऊन शंभर मणी ओवून बघा. सुई किती मण्यांत अडते, किती मण्यांची भोकं वाकडी किंवा धारदार आहेत, ते लिहून ठेवा. धारदार भोक दोरा कापतं आणि पोत तुटते.

हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीचं काहीही मागवू नका. प्रवाळ आणि काही शंख-शिंपल्यांवर वन्यजीव कायद्याचे निर्बंध आहेत. एखादा विक्रेता कितीही खात्री देवो, नवख्याने तो माल टाळलेलाच बरा.

कागदपत्रं

चालू खातं, पॅन, जीएसटी नोंदणी आणि आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड, एवढं आधी हवं. आयईसी डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर ५०० रुपये भरून घरबसल्या मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. बदल नसला तरी पुष्टी द्यायचीच, नाहीतर कोड निष्क्रिय होतो आणि माल विमानतळावर अडकतो. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या शाखेच्या क्रमांकाचं, पत्र घेऊन ठेवा.

जीएसटीची कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यांना ठोक दराने कर) सोपी वाटते, पण आयातदाराला ती परवडत नाही. त्यात आयातीवर भरलेल्या आयजीएसटीचं (आयातीवर लागणाऱ्या जीएसटीचं) क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. नियमित नोंदणीच घ्या. दुकान कायद्याखाली वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि बँकेकडे कर्ज मागताना कामी येते.

एचएस कोडवर, म्हणजे कस्टम्स मालाचा प्रकार ज्या क्रमांकाने ओळखतं त्यावर, मात्र वेळ घालवा. काचेचे मणी ७०१८ मध्ये, प्लास्टिकच्या वस्तू ३९२६ मध्ये, मोती ७१०१ मध्ये, हिरे सोडून इतर रत्नं-खडे ७१०३ मध्ये आणि तयार इमिटेशन दागिने ७११७ मध्ये येतात. एकाच खोक्यात काच, प्लास्टिक आणि धातूचे हुक असतील तर इन्व्हॉइसवर प्रत्येकाची वेगळी ओळ हवी. सगळं ‘बीड्स’ म्हणून एका ओळीत आलं की तपासणी लांबते. कोड ठरला की कस्टम्सच्या आयसगेट या संकेतस्थळावर त्या दिवशीचा जकातीचा दर आणि डीजीएफटीवर तो माल खुला आहे की निर्बंधित, हे दोन्ही बघा. दर आणि धोरण बदलत असतं, मागच्या वर्षीच्या आकड्यावर हिशोब करू नका.

नमुना, ऑर्डर, पैसे

विक्रेत्याला पहिल्याच पत्रात रंगक्रमांक, माप, लेपाचा प्रकार आणि वजन स्पष्ट लिहा. ‘सोनेरी’ म्हणून मागवलं तर पाच प्रकारचं सोनेरी येतं. नमुन्याचे पैसे द्यायला मागेपुढे बघू नका. नमुना पसंत पडला की त्याचे दोन भाग करा: एक तुमच्याकडे सीलबंद, दुसरा विक्रेत्याकडे. ऑर्डरवर लिहून घ्या की माल या नमुन्याप्रमाणे आणि एका रंगाचा सगळा माल एकाच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी बनलेला, असेल.

पैसे तुमच्या चालू खात्यातून, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (माल निघण्यापूर्वीचं विक्रेत्याचं कच्चं बिल) देऊन, बँकेमार्फतच पाठवा. चीनमध्ये तीस टक्के आगाऊ आणि उरलेले माल निघण्यापूर्वी, अशी पद्धत सर्रास आहे. माल आल्यावर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरलेलं आयातीचं कागदपत्र, बँकेच्या नोंदीशी जुळवावं लागतं. ते राहिलं की पुढचं पेमेंट अडतं.

इथे दोन आमिषं हमखास समोर येतात. विक्रेता म्हणतो, इन्व्हॉइस कमी किमतीचं करून देतो. किंवा एखादा एजंट म्हणतो, किलोमागे एवढे द्या, माल दारात पोचवतो, कागदांची कटकट नको. दोन्हींना नाही म्हणा. कमी किंमत दाखवणं हा गुन्हा आहे, माल जप्त होतो, शिवाय दंड. आणि बिल ऑफ एंट्री नसलेल्या मालावर ना क्रेडिट मिळतं, ना तो कायदेशीर आणल्याचा पुरावा राहतो. ‘गिफ्ट’ लिहून जकातीशिवाय मागवण्याची वाटही डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. त्यातून सवलत उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला.

माल आणणं आणि खरा भाव काढणं

काचमणी जागा कमी घेतात आणि वजन जास्त भरतं. विमानाने किंवा कुरिअरने खोक्याच्या आकारमानावरून काढलेलं वजन आणि खरं वजन यातलं जे जास्त त्यावर भाडं लागतं, आणि मण्यांत नेहमी खरं वजनच जास्त निघतं. पंचवीस-तीस किलोपर्यंत कुरिअर सोपं पडतं. समुद्रमार्गे सुट्या मालाला किमान एका घनमीटरचं भाडं आणि न्हावा शेवा बंदरातले खर्च लागतात, त्यामुळे दोन-तीनशे किलोच्या खाली तो मार्ग सहसा परवडत नाही. कुरिअर कंपनीला माल निघण्यापूर्वीच कळवा की ही व्यापारी आयात आहे, आणि आयईसी व जीएसटी क्रमांक द्या. बिल ऑफ एंट्रीवर तुमचा जीएसटी क्रमांक नसेल तर क्रेडिटसाठी नंतर फार धावपळ होते. मोठ्या खेपेला मुंबईतला चांगला सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारा परवानाधारक एजंट, धरा. त्याचा सगळा खर्च आधी लेखी घ्या.

आता हिशोब. समजा माल ६०,००० रुपयांचा, वजन ३० किलो, भाडं १०,०००, विमा ६७५. कस्टम्सच्या दृष्टीने किंमत झाली ७०,६७५. नुसतं उदाहरण म्हणून मूळ जकात २० टक्के धरली तर १४,१३५. तिच्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १,४१४. या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी लागतो, पण त्याचं क्रेडिट मिळत असल्याने तो खर्चात धरायचा नाही. मात्र ती रक्कम काही आठवडे अडकून राहते, म्हणून खिशात हवी. क्लिअरन्सचे ६,००० आणि मुंबई-नाशिक वाहतुकीचे १,५०० धरले की एकूण ९३,७२४. विक्रेत्याच्या कागदावर २,००० रुपये किलो असलेला मणी तुमच्या दारात ३,१२४ रुपये किलोने पडला. विक्रीचा दर काढताना हाच आकडा समोर ठेवा. परकीय चलनाचा कस्टम्सचा दर आणि बँकेचा दर वेगळा असतो, तो फरकही वहीत धरा.

जपानी मालासाठी भारत-जपान करार २०११ पासून लागू आहे. उत्पत्तीचं प्रमाणपत्र असेल तर जकातीत सवलत मिळते का, हे त्या कोडपुरतं सीएचएकडून तपासून घ्या.

खोकं उघडल्यावर

खोकं फोडताना मोबाइलवर चित्रण चालू ठेवा. वजन करा, सीलबंद नमुन्याशी दिवसाच्या उजेडात, उत्तरेकडच्या खिडकीशी जुळवा. ट्यूबलाइटखाली छटेचा निर्णय कधीच घेऊ नका. प्रत्येक पिशवीवर रंगक्रमांक, माप, लॉट आणि आल्याचा महिना लिहा. नवा लॉट जुन्यात मिसळायचा नाही, बरणीत चार दाणे उरले असले तरी नाही. बाहीचं काम अडलेल्या ताईंना तुम्ही जुन्या लॉटमधलं पाकीट काढून देता ते याच शिस्तीमुळे. प्रत्येक लॉटमधले शंभरेक ग्रॅम बाजूला काढून ‘राखीव’ ठेवा, फक्त अर्धवट राहिलेल्या कामांसाठी.

किरकोळ पाकिटांवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन हवा. पाकीटबंद माल आयात करणाऱ्याने वैधमापन खात्याकडे ९० दिवसांत नोंदणी करायची असते. तुमच्या वजनकाट्यावरही त्या खात्याचा शिक्का लागतो. पावसाळ्यात चांदीच्या मुलाम्याचे मणी सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

दर आणि उधारी

घाऊक दरात दारात पडलेल्या भावावर पंचवीस-तीस टक्के आणि किरकोळ विक्रीत साधारण दुप्पट, असं ठेवलं तर फुटतूट आणि न खपलेले रंग झेपतात. पाकिटं १०, ५० आणि १०० ग्रॅमची करा. सराफ बाजारात उधारी मागितली जाणारच. पहिल्या तीन खेपा रोखीने, पुढे पंधरा दिवस, आणि जुनं बिल चुकल्याशिवाय नवा माल नाही. हे पहिल्याच दिवशी गोड शब्दांत सांगितलं की नंतर संबंध बिघडत नाहीत.

गिऱ्हाइकापर्यंत पोचणं

सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे रंगपट्टी. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रत्येक रंगाचे दहा-पंधरा मणी शिवून खाली क्रमांक लिहा. अशा पंधरा-वीस पट्ट्या करून बुटिक, क्लास आणि पटवेकऱ्यांकडे ठेवून या. त्यांनी फोन उचलून ‘चोवीस नंबर, शंभर ग्रॅम’ एवढंच म्हणायचं. पट्टी ज्यांच्या भिंतीवर आहे, त्यांची पुढची ऑर्डर सहसा तुमच्याकडेच येते. जाहिरातीवर पाच हजार घालण्यापेक्षा ते पैसे पट्ट्यांवर घाला.

व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग त्याच क्रमांकांनी भरा. फोटो सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, फिल्टर न लावता. मणी बरणीत वेगळा दिसतो आणि हिरव्या काठावर वेगळा, म्हणून एक फोटो कापडावर ओवलेला हवाच. संपलेला रंग त्याच दिवशी कॅटलॉगमधून काढा. ब्रॉडकास्टवर रोज सुप्रभात पाठवू नका. आठवड्यातून एकदा, नवा लॉट आला किंवा जुना रंग परत आला तेव्हाच लिहा, म्हणजे तुमचा संदेश उघडला जातो.

इन्स्टाग्रामवर तुमचा माल दाखवण्यापेक्षा गिऱ्हाइकाचं काम दाखवा, त्यांची परवानगी घेऊन आणि नाव देऊन. मणी फोडून आतला रंग दाखवणारा, किंवा उन्हातलं अर्ध झाकलेलं पाकीट दोन आठवड्यांनी उघडणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात, कारण त्यांना त्यातून काही कळतं. गूगलवर व्यवसायाची नोंद करताना मराठीतही लिहा: आरी वर्कचे मणी, काळे मणी, नाशिक. लोक तसंच शोधतात.

महिन्यातून एक शनिवार दहा-बारा जणींचा छोटा वर्ग घ्या. विषय ‘दागिने बनवा’ असा मोठा नको. ‘बारीक मण्यांची माप-ओळख’ किंवा ‘पोत कशी गाठवायची’ पुरेसा आहे, आणि शिकवायला एखाद्या जाणत्या पटवेकऱ्यांना मानधन देऊन बोलवा. बचत गटांना अशा वर्गात सवलत द्या. डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनांत स्टॉल घेणार असाल तर विक्रीच्या आकड्यावर जाऊ नका. रंगपट्ट्या वाटायच्या आणि फोन नंबर घ्यायचे, एवढंच उद्दिष्ट ठेवा.

वर्षाचं गणित आणि दुसरी ऑर्डर

राख्यांचा माल श्रावणाच्या दोन महिने आधी विकला जातो, गौरी-गणपतीचा आषाढात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, म्हणजे आरी वर्क आणि पोतींची गर्दी. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षामुळे तिकडचे कारखाने काही आठवडे बंद असतात, म्हणून उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी लागणारा माल डिसेंबरमध्येच निघायला हवा.

दुसऱ्या ऑर्डरसाठी वही उघडा आणि प्रत्येक रंगासमोर दोन गोष्टी बघा: किती दिवसांत संपला, आणि किती वेगवेगळ्या लोकांनी नेला. एकाच माणसाने दोन किलो नेलेला रंग फसवा असतो. पंधरा जणांनी शंभर-शंभर ग्रॅम नेलेला रंग आधी मागवा. एक तृतीयांश माल उरला की लगेच ऑर्डर द्या, संपायची वाट बघू नका. सहा महिने न हललेले रंग मिश्र पाकिटं करून तोरणवाल्यांना पडत्या भावात देऊन टाका आणि ते पैसे चाललेल्या रंगांत घाला. ऑर्डरसोबत जुन्या लॉटचा नमुना विक्रेत्याला पुन्हा पाठवा, त्याच्याकडे आधीचा असला तरी.